कामावर हात सापडला तर: बेळगाव भागात नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. हजेरी, ओव्हरटाइम, फंड आणि ईएसआयचे कागद माझ्याच टेबलावरून जायचे. दर पावसाळ्यानंतर खानापूर, चंदगड, हुक्केरीकडची नवी पोरं यायची. कुणी आयटीआय करून आलेला, कुणी बारावी सोडून. सगळे पगार विचारायचे, सुट्टी विचारायचे, कँटीन आहे का विचारायचे. काम करताना बोट गेलं तर पुढे काय, हे मात्र त्या बावीस वर्षांत मला आपणहून विचारणारे चार-पाचच निघाले.

हा लेख बाकीच्यांसाठी आहे. मच्छे, होनगा, काकतीच्या कारखान्यांत, वडगाव-शहापूरच्या मागांवर, निपाणीच्या वखारीत, अथणी-चिकोडीकडच्या साखर कारखान्यांत किंवा एखाद्या इमारतीच्या स्लॅबवर तुम्ही यंदा पहिल्यांदा पाऊल टाकलं असेल, तर पुढचं सगळं क्रमाने वाचा. अपघात झाल्यावर वाचायला वेळ मिळत नाही.

आधी स्वतःला विचारा: माझी ईएसआय कापतात का?

कामावरच्या इजेची भरपाई मिळायच्या मुख्य वाटा दोन. एक ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची. दुसरी थेट मालकाकडून भरपाई घ्यायची. दोन्ही एकाच इजेसाठी मिळत नाहीत. ईएसआयमध्ये असाल तर भरपाई ईएसआय देते आणि मालकावर वेगळा दावा लागत नाही. नसाल तर मालक देणं लागतो.

ईएसआयचा कायदा १९४८ चा आणि मालकाने भरपाई द्यायचा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. वकील, कारकून, युनियनवाले अजून जुन्याच नावांनी बोलतात, त्यामुळे गोंधळू नका. भरपाई मोजायचं सूत्र तेच राहिलं आहे.

दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेला कारखाना, दुकान, हॉटेल ईएसआयमध्ये येतं. तुमचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही त्यात असायलाच हवं. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार १५,६०० असेल तर तुमचे ११७ रुपये, मालकाचे ५०७. ज्याची सरासरी रोजची मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे त्याचा वाटा कापायचाच नसतो, तरीही तो विम्यात असतो. मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तर लगेच नाव निघत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात, आणि चालू कालखंड संपेपर्यंत तुम्ही त्यात राहता.

पगाराच्या चिठ्ठीवर 'ईएसआय' असा रकाना आहे का, ते पाहा. चिठ्ठीच मिळत नसेल तर तोच पहिला धोक्याचा इशारा समजा.

पहिल्या पंधरा दिवसांत करायची कामं

नव्या माणसाची नोंदणी मालकाने दहा दिवसांच्या आत ऑनलाइन करायची असते. ती झाली की तुम्हाला दहा आकडी विमा क्रमांक मिळतो आणि ई-पहचान कार्ड छापून मिळतं. ते मागून घ्या. हात जोडून, हसून, पण पुन्हा पुन्हा मागा. 'तीन महिने झाले की करू' असं आमच्याकडे सर्रास सांगितलं जातं. या तीन महिन्यांतच नवखा पोरगा सगळ्यात जास्त जखमी होतो, कारण मशीन त्याच्या हाताला बसलेली नसते.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. आजारपणाचा भत्ता मिळायला ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या इजेला अशी कोणतीच अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला हात सापडला तरी पूर्ण हक्क आहे. पण अपघात सकाळी अकराला आणि नोंदणी दुपारी तीनला, असा कागद ईएसआयच्या शाखेत गेला की चौकशी लागते आणि महिने जातात. म्हणून नाव आधी चढलेलं बरं.

कार्ड हातात आल्यावर नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. सीमाभागात हा मोठा घोळ असतो. शाळेचा दाखला मराठी, रेशन कार्ड कन्नड, आधारवर इंग्रजी, आणि तिन्हीकडे नावाची वळणं वेगळी. एकाच्या कार्डावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं होतं. तो गेल्यावर त्याच्या बायकोला नातं सिद्ध करण्यासाठी सात-आठ फेऱ्या माराव्या लागल्या. आई-वडील, बायको, मुलं यांची नावं कार्डात घातली आहेत ना, हेही आत्ताच बघा. घरची माणसं चंदगड-गडहिंग्लजकडे राहत असतील तर त्यांना तिकडच्या दवाखान्याची सोय नोंदवून घेता येते. विमा क्रमांक देशभर एकच चालतो.

मग ईएसआयसीच्या संकेतस्थळावर आपल्या क्रमांकाने लॉगिन करा आणि दर महिन्याची वर्गणी खरंच जमा होते का ते पाहा. पगारातून कापलेली रक्कम तिकडे पोचलेलीच नाही, असंही घडतं. तसं असेल तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते. मालकाने वर्गणी बुडवली म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ कामगाराला लाभ देऊन ते पैसे मालकाकडून वसूल करू शकतं.

नेमणूकपत्र मागा. नव्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक केलं आहे. तेही मिळालं नाही तर हजेरी कार्डाचा, गेटपासचा, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या मेसेजचा फोटो काढून घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा. स्वतःचा मोबाइल अपघातात फुटतो किंवा हरवतो.

अपघाताचा दिवस

ही पायरी मी सगळ्यात सविस्तर लिहितोय, कारण केस इथेच जिंकली किंवा हरली जाते.

माझ्या गावचा एक पोरगा एका छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुपरवायझरने त्याला मोटरसायकलवर मधे बसवून खासगी दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर पोरगा तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, 'घरी कडबाकुट्टीत हात गेला.' डॉक्टरांनी तेच केसपेपरवर लिहिलं. पोरगा वेदनेने अर्धा शुद्धीत. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर पाच हजार हातावर ठेवले, आणि घरच्यांना वाटलं माणूस भला आहे. सहा महिन्यांनी काम गेलं तेव्हा ते माझ्याकडे आले. मी तो केसपेपर वाचला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या एका ओळीशी आम्ही पुढे तीन वर्षं झुंजलो.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर, बोलता येत असेल तर, डॉक्टरांना स्वतः सांगा: अमुक कारखान्यात, अमुक मशीनवर, ड्युटीवर असताना, इतक्या वाजता. बोलण्यासारखी अवस्था नसेल तर सोबत गेलेल्या मित्राने सांगावं. मोठी जखम असेल तर 'एमएलसी करा' असं स्पष्ट म्हणा. म्हणजे डॉक्टर पोलिसांना कळवतात आणि त्याची नोंद राहते. सरकारी दवाखान्यात ही नोंद शक्यतो टळत नाही. खासगीत मात्र मागावी लागते. केसपेपरचा फोटो त्याच दिवशी घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. डॉक्टर वाईट नसतात, त्यांना जे सांगितलं जातं ते ते लिहितात.

ईएसआयमध्ये असाल तर बेळगावात अशोकनगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. पण जीव धोक्यात असताना ईएसआयचाच दवाखाना शोधत बसू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात दाखल व्हा आणि ईएसआयला लगेच कळवा. एरवी मात्र उपचार ईएसआयमार्फतच घ्या, कारण पुढचा भत्ता त्यांच्या डॉक्टरांच्या दाखल्यावरच मिळतो.

त्याच दिवशी कारखान्यात दोन कागद व्हायला हवेत. पहिला अपघात नोंदवही, जिला टाइम ऑफिसात फॉर्म ११ म्हणतात. तुम्ही तोंडी सांगितलं तरी नोंद करायची असते, आणि तुमच्या वतीने सहकाऱ्यानेही सांगितलेलं चालतं. दुसरा अपघात अहवाल, म्हणजे फॉर्म १२. तो मालकाने २४ तासांच्या आत ईएसआयच्या शाखेला पाठवायचा असतो. साक्षीदार म्हणून शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं नाव त्यात गेलं पाहिजे. टाइम ऑफिसवाला 'बघू, मालकाला विचारतो' म्हणाला तर घरच्यांनी साध्या कागदावर सगळा प्रकार लिहून कारखान्याच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला पाठवलेला मेसेजसुद्धा कामाला येतो. 'साहेब, आज दुपारी प्रेसवर माझा हात सापडला, मी दवाखान्यात आहे' एवढं पुरे. तारीख आणि वेळ आपोआप उमटते.

लहान जखम अंगावर काढू नका, तिचीही नोंद करा. डोळ्यात ग्राइंडिंगचा कण गेला, दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, आठवड्याने दिसेनासं झालं, आणि वहीत काहीच नाही, हे मी दोनदा पाहिलं आहे.

'चूक तुझीच होती' असं म्हणाले तर

म्हणणारच. 'गार्ड का काढला? हातमोजे का घातले नाहीत?' प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली आड, उत्पादन वाढवायला वरच्यांच्याच सांगण्यावरून निघतं, हे त्या शेडमध्ये काम करणारा प्रत्येक जण जाणतो.

कायदा इथे कामगाराच्या बाजूचा आहे. मालकाच्या कामासाठीच तुम्ही ते करत होता, तर नियम मोडला तरी ईएसआयमध्ये ती कामावरचीच इजा धरली जाते. कामाच्या वेळेत, कामाच्या जागी झालेला अपघात कामामुळेच झाला असंच गृहीत धरतात, उलट पुरावा येईपर्यंत. मालकाकडून भरपाईच्या वाटेवर मात्र दारू किंवा नशा, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, गार्ड मुद्दाम काढणं, ही कारणं मालक पुढे करू शकतो. तरीही मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर यातलं एकही कारण चालत नाही. आणि 'मुद्दाम' हे मालकाला सिद्ध करावं लागतं. नुसता निष्काळजीपणा म्हणजे मुद्दाम नव्हे.

ईएसआयमधून किती मिळतं

उपचाराला मर्यादा नाही. औषध, ऑपरेशन, कृत्रिम अवयव, सगळं.

काम करता येत नाही तेवढे दिवस सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के मिळतात. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावं लागतं, एवढीच अट. वर किती दिवस, याला मर्यादा नाही. रोज ६०० रुपये पडत असतील तर ५४० मिळतील. चाळीस दिवस घरी राहिलात तर २१,६०० रुपये. रक्कम थेट बँक खात्यात येते, म्हणून खातं आधारशी जोडलेलं असू द्या. आणि या काळात कारखान्यात हजेरी लावू नका, मालकाने 'नुसतं येऊन बस' म्हटलं तरी. ज्या दिवसाची मजुरी घेतली त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही.

बोट, हात, डोळा कायमचा गेला तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं, आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. वरच्याच माणसाची तर्जनी मुळापासून गेली, नुकसान १४ टक्के धरलं, तर ५४० चे १४ टक्के म्हणजे रोज ७५ रुपये ६० पैसे, महिन्याला साधारण २,२६८. तो पुढे दुसरीकडे पूर्ण पगारावर कामाला लागला तरी हे चालूच राहतात. बोर्डाने ठरवलेला टक्का कमी वाटला तर अपील करता येतं.

मृत्यू झाला तर कुटुंबाला तोच ९० टक्क्यांचा दर वाटून मिळतो. पत्नीचा वाटा पाचातले तीन, प्रत्येक मुलाचा पाचातले दोन, आणि एकूण रक्कम दराच्या वर गेली की सगळ्यांचे वाटे प्रमाणात कमी होतात. अंत्यसंस्काराला १५,००० रुपयांपर्यंत मिळतात.

उपचार चालू असताना, तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता मिळत असताना, मालक कामावरून काढू शकत नाही.

ईएसआय नसेल तर मालक

शेडमध्ये सहाच माणसं आहेत, किंवा पगार २१,००० च्या वर आहे, किंवा तुम्ही ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर आहात, तर ही वाट. इथे पगाराची मर्यादा नाही, म्हणजे तीस हजारवाल्यालाही हक्क आहे. फक्त हिशेब करताना महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. हा आकडा ३ जानेवारी २०२० पासूनचा आहे.

हिशेब असा. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले गुणक. गुणक कायद्याच्या तक्त्यात ठरलेला आहे: विसाव्या वर्षी २२४.००, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. माणूस जितका तरुण तितकी भरपाई जास्त.

तीस वर्षांचा कामगार, पगार १४,०००. मृत्यू झाला तर ७,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १४,५५,८६०. तोच जिवंत आहे पण तर्जनी मुळापासून गेली, तर ८,४०० गुणिले २०७.९८ चे १४ टक्के, म्हणजे २,४४,५८४. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ५,२४,१०९. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, चारही गेली तर ५०. एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा शाबूत असेल तर ३० टक्के. तक्त्यात नसलेली इजा, म्हणजे कंबर किंवा मणका, डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरते. माझ्या गावच्या त्या पोराच्या हातावर ठेवलेले पाच हजार आठवा आणि हे आकडे पुन्हा वाचा.

काही आठवडे-महिने घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा मिळतो, बिलं जपा.

मालकाने भरपाई लगेच द्यायची असते. एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. 'पुढच्या महिन्यात देतो' या आश्वासनावर दोन वर्षं सहज निघून जातात, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

अनेक मालक जनरल विमा कंपनीकडून यासाठी पॉलिसी घेतात. शेडमध्ये तिला 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात. ती आहे का, आणि तिच्यात किती माणसं दाखवली आहेत, हे आधीच विचारा. पॉलिसी नसली तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही, तो खिशातून देतो. विमा असलेल्या मालकाशी भांडण कमी होतं, एवढाच फरक. ड्रायव्हर असाल तर गाडीच्या विमा कंपनीलाही दाव्यात पक्षकार करता येतं.

कर्नाटकात हे दावे वरिष्ठ दिवाणी न्यायाधीशांसमोर चालत आले आहेत. नव्या संहितेत या पदाला 'सक्षम प्राधिकारी' म्हटलंय, तेव्हा अर्ज करण्याआधी बेळगावच्या कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जाऊन सध्या अर्ज कुठे द्यायचा ते विचारा. तिथे आणखी एक फायदा आहे. औद्योगिक कामगाराला उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळू शकतो. टक्केवारीवर केस घेणाऱ्या माणसाकडे जाण्याआधी ही पायरी चढा.

सीमेच्या अलीकडे काम, पलीकडे घर

आमच्याकडे हे रोजचं आहे. उचगावचा माणूस शिनोळीच्या कारखान्यात जातो, म्हणजे महाराष्ट्रात. चंदगड तालुक्यातला उद्यमबागेत येतो, म्हणजे कर्नाटकात. मालकाविरुद्धचा दावा अपघात झाला तिथे करता येतो, कामगार किंवा त्याचे वारस राहतात तिथेही करता येतो, आणि मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथेही. म्हणजे उद्यमबागेत जीव गेलेल्या माणसाच्या विधवेला तारखांसाठी बेळगावला खेटे घालायची सक्ती नाही, ती कोल्हापूर जिल्ह्यात दावा लावू शकते. अपघात झाला त्या भागातल्या सक्षम प्राधिकाऱ्याला नोटीस जाते, एवढंच. ही तरतूद फार कमी जणांना माहीत असते, आणि मला ती खूप मोलाची वाटते.

येता-जाता रस्त्यावर अपघात झाला तर? ईएसआयमध्ये १ जून २०१० पासून घर ते कामाची जागा हा प्रवास धरला जातो. वेळ, रस्ता आणि ड्युटी यांचा मेळ बसला पाहिजे. नव्या संहितेने तीच तरतूद ईएसआयबाहेरच्या कामगारांनाही दिली. नेहमीचा रस्ता सोडून गेला असाल तर प्रश्न विचारले जातील. पोलिसांची नोंद आणि त्या दिवशीची हजेरी या दोन गोष्टी इथे निर्णायक ठरतात.

कन्नड कागदावर सही

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. मराठी शाळेत शिकलेल्या पोरासमोर कन्नडमध्ये टाइप केलेला कागद येतो आणि 'नुसती सही कर, पैसे मिळायला लागते' असं सांगतात.

लिपी येत नसली तरी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि काही शब्द कानात ठेवा. त्यातले बरेच ओळखीचे आहेत. 'अर्जी' म्हणजे अर्ज, 'रजे' म्हणजे रजा, 'विमे' म्हणजे विमा. 'गाय' ऐकून दचकू नका, ती जखम. 'परिहार' म्हणजे भरपाई. 'गुत्तिगेदार' म्हणजे आपला गुत्तेदार, ठेकेदार. आता दोन शब्द विशेष लक्षात ठेवा: 'राजी' म्हणजे तडजोड आणि 'राजीनामे' म्हणजे राजीनामा. भरपाईच्या कागदात यातला एक जरी ऐकू आला तर पेन खाली ठेवा आणि 'घरी वाचून उद्या देतो' म्हणा.

सही होऊन गेली असेल तरी हताश होऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने भरपाई घरच्यांच्या हातात देऊन चालतच नाही, ती दावा चालवणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. तेराव्याला येऊन कुणी पाकीट ठेवलं म्हणून हिशेब मिटत नाही.

ठेकेदाराची माणसं, टोळ्या, गवंडी

'तू आमचा नाहीस, मुकादमाला विचार,' असं गेटवर सांगतात. कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदारामार्फत घेतलेल्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडे मागता येते. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही हे त्यांचं ते बघतील. ईएसआयमध्येही वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मुख्य मालकाचीच. म्हणून ठेकेदाराबरोबर कारखान्याचं नावही लिहून ठेवा. गाळप हंगामात बाहेरून आलेल्यांना तर कारखान्याचं नीट नावही माहीत नसतं, फक्त मुकादमाचं.

बांधकामावर असाल तर कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड काढा. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेलं असावं. आणि कुठेही काम करत असा, बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. ही रक्कम ईएसआय किंवा मालकाच्या भरपाईच्या वर मिळते, तिच्यामुळे दुसरं काही कापलं जात नाही. हप्ता मे अखेरीस खात्यातून कापला जातो, त्या दिवशी खात्यात शिल्लक असू द्या.

फौंड्रीत, खडीच्या क्रशरवर असणाऱ्यांसाठी आणखी एक. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हे कायद्याच्या यादीतले व्यवसायजन्य आजार आहेत, त्यांनाही इजेसारखीच भरपाई आहे. खोकला महिनोन्महिने जात नसेल तर डॉक्टरांना 'फौंड्रीत इतकी वर्षं' हे सांगा. नाहीतर टीबीचीच औषधं चालू राहतात.

परत कामावर जाताना

ईएसआयच्या डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला घेऊनच हजर व्हा आणि त्याची प्रत ठेवा. अवयव कायमचा अधू झाला असेल तर जखम भरली म्हणून फाइल बंद होऊ देऊ नका. मेडिकल बोर्डासमोर पाठवायला शाखा कार्यालयात स्वतः अर्ज करा. हात हलतोय, काम जमतंय, मग कशाला, असं वाटून कितीतरी जण हे करतच नाहीत, आणि आयुष्यभर मिळायची रक्कम तशीच राहते. आमच्या फौंड्रीतल्या एका मोल्डरने मी मागे लागलो म्हणून अपघातानंतर दीड वर्षाने अर्ज केला. त्याला मागच्या तारखेपासून थकबाकी मिळाली आणि ती बँकेत आली त्या दिवशी तो टाइम ऑफिसात येऊन आपला डावा हात माझ्या टेबलावर ठेवून नुसता उभा राहिला.

बोर्डाला जाताना हे सोबत न्या: ई-पहचान कार्ड, आधार, पहिला केसपेपर, एक्स-रे, अपघात अहवालाची प्रत आणि बँक पासबुक.